शाळा अंगणात आली, त्याची गोष्ट

भाकरी उरकल्या असतील, गुरांना वैरण टाकून झाली असेल. आता दोन घटका बसा. आज आम्ही तुम्हाला सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगणार आहोत. पण ती आम्हाला का शोधावीशी वाटली, ते आधी सांगतो.

आमच्या गटातल्या एकीची नात यंदा पहिलीत गेली. घरात पोरीची टकळी सारखी चालू. शेळीच्या करडांना नावं ठेवते, आजीला गोष्टी सांगते, पाहुण्याला प्रश्न विचारून भंडावते. एक दिवस वर्गात बाईंनी सगळ्या मुलांना विचारलं, काल रात्री काय जेवलात? ही उठून म्हणाली, "भाकर आन् कोरड्यास." वर्ग हसला. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "कोरड्यास नाही गं, आमटी म्हणावं." बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या दिवसापासून पोर वर्गात बोलेना. दोन महिन्यांनी पालकसभेत आजीच्या कानावर आलं की मुलगी जरा मंद आहे, लक्ष द्या. आजी बैठकीला आली ती डोळे पुसतच.

त्या दिवशी आमच्या बचतीचा हिशोब बाजूला राहिला. एकेक जण आपली आठवण सांगू लागली. आमच्यातल्या निम्म्या जणींची शाळा तिसरी-चौथीत सुटली. कुणाला भावंड सांभाळायचं होतं, कुणाला शेळ्या राखायच्या होत्या, कुणाला पुस्तकातली भाषा परकी वाटायची. आजवर आम्ही म्हणत आलो, आमचं डोकंच चालत नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आमच्या डोक्यात जे होतं त्याला शाळेत जागा नव्हती.

मग आम्ही शोधू लागलो. हा विचार आपल्याआधी कुणी केला होता का? केला होता. आणि करणाऱ्यांमध्ये दोन बाया होत्या.

त्यांच्याही आधीचं एक नाव सांगायला हवं. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला. जोतीराव फुल्यांनी त्या आयोगापुढे लेखी निवेदन दिलं. त्यात त्यांनी एक साधी गोष्ट मांडली. खेड्यातल्या शाळेतले मास्तर शेतकऱ्यांच्या घरातलेच असावेत. जे मुलांपासून अंतर राखून बसत नाहीत, त्यांच्यात मिसळतात, गरज पडली तर नांगर किंवा सुताराचं हत्यार हातात धरू शकतात, असे मास्तर हवेत. शिकवण्यात शेतीची माहिती असावी, आरोग्याची असावी, असंही ते म्हणाले. शिकणाऱ्याचं घर ओळखल्याशिवाय शिकवता येत नाही, हे जोतीरावांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

आता आपल्या दोन बायांकडे येऊ. पहिल्या ताराबाई मोडक. जन्म १८९२चा. त्या काळात बी.ए. झालेल्या, सुधारकी घरातल्या. १९२३ साली त्या गुजरातेत भावनगरला गेल्या. तिथे गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ लहान मुलांसाठी बालमंदिर चालवत होते. मुलाला मारायचं नाही, धाक दाखवायचा नाही, त्याला गोष्टी सांगायच्या, गाणी म्हणायची, हाताने काम करू द्यायचं, अशी त्यांची रीत. तेव्हाच्या छडीच्या शाळांपुढे हे अगदीच उलटं होतं.

ही रीत गिजुभाईंनी मारिया माँटेसरी या इटलीतल्या डॉक्टरीणबाईंकडून घेतली होती. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोम शहराच्या एका गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं. कामावर गेलेल्या आईबापांची पोरं दिवसभर मोकाट फिरायची, त्यांच्यासाठी. आज आपल्याकडे माँटेसरी म्हटलं की शहरातली भरपूर फी घेणारी शाळा डोळ्यापुढे येते. पण तिचा जन्म गरिबाच्या वस्तीतला आहे, हे लक्षात ठेवा.

ताराबाई गिजुभाईंबरोबर राबल्या. मग मुंबईला आल्या आणि १९३६ साली दादरला त्यांनी शिशुविहार काढलं. ते चांगलं चाललं. पण मनात एक गोष्ट टोचत होती. हे सगळं शहरातल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांपर्यंत पोचत होतं. माँटेसरीचं सामान महाग. लाकडी मनोरे, मण्यांच्या माळा, मोजून-मापून केलेले ठोकळे. खेड्यातल्या मुलाला हे कोण देणार?

दुसऱ्या अनुताई वाघ. जन्म १९१०चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच कपाळ पांढरं झालं. त्या काळात अशा मुलीचं पुढचं आयुष्य काय असायचं, ते आपल्या आज्यांना विचारा. पण अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्यात हुजूरपागेच्या शाळेत शिकवू लागल्या. १९४५ साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं शिबिर होतं. तिथे त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. ताराबाईंना खेड्यात येणारं माणूस हवं होतं. अनुताई तयार झाल्या. त्याच वर्षाच्या शेवटी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. ताराबाई तेव्हा ५३ वर्षांच्या होत्या, अनुताई ३५ वर्षांच्या. बायांनो, आपल्यातल्या किती जणी म्हणतात, आता या वयात काय नवीन करायचं!

बोर्डी हे डहाणू तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, २०१४ पासून पालघर जिल्हा आहे. समुद्राकडे बागायती, वाड्या, पैसेवाल्यांची घरं. आत डोंगराकडे वारली आदिवासींचे पाडे. त्या पाड्यांवर तेव्हा काय दिवस होते, ते थोडं सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. जमिनी सावकारांनी, जमीनदारांनी गिळलेल्या. वारल्यांना त्यांच्या शेतावर वेठीला फुकट राबावं लागे. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही सावकाराकडे वर्षानुवर्षं बांधलेली. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. ज्या वर्षी बोर्डीला बालवाडी सुरू झाली, त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळ झरी गावी वारल्यांची मोठी परिषद भरली होती. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत उभे होते. वेठ बंद, असं वारल्यांनी ठरवलं. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसं मेली. गोदावरीबाईंनी हे सगळं पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं. म्हणजे त्या मुलखात एकीकडे माणसं पाठ ताठ करून उभी राहत होती आणि दुसरीकडे दोन बाया त्यांच्या पोरांसाठी शाळा मांडत होत्या.

शाळा मांडली, पण आलं कोण? गावातल्या बऱ्या घरांतली मुलं आली. हरिजनवाड्यातली आणि पाड्यावरची आली नाहीत. जिच्यासाठी एवढ्या लांब आल्या, ती पोरंच बाहेर राहिली.

इथे बहुतेक जण काय म्हणतात? त्यांना शिक्षणाची गोडीच नाही. आईबाप अडाणी आहेत. आपण शाळा काढली, ती येत नाहीत तर आपण काय करणार? हे बोलणं आपण आजही ऐकतो. ताराबाई आणि अनुताईंनी प्रश्न उलटा केला. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचं. त्या वस्तीत गेल्या आणि कुणाच्या तरी अंगणात बालवाडी भरवू लागल्या. मूल आपल्या घराच्या दारातच होतं, आई दिसत होती, कोंबड्या फिरत होत्या. घाबरायचं कारण नव्हतं. हीच अंगणवाडी. गावात एक मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीवस्तीत अंगणवाड्या, अशी त्यांची मांडणी झाली.

महागडं सामानही त्यांनी बाजूला ठेवलं. समुद्रकाठचे शंख-शिंपले, ओढ्यातले खडे, झाडांच्या बिया, पानं, फुलं, माती. लहान-मोठं लावायला शिंपले होते, मोजायला खडे होते, रंग ओळखायला फुलं होती. माँटेसरीचं तत्त्व तेच राहिलं, की मूल हाताने शिकतं. फक्त हातात द्यायची वस्तू त्याच्या ओळखीची झाली. ओळखीची वस्तू हातात आली की मूल विचारायच्या आधी बोलतं. हा शिंपला कुठे सापडतो, हे त्याला गुरुजींपेक्षा जास्त माहीत असतं. मग थोडा वेळ मूल शिकवतं आणि शिक्षिका शिकते.

पुढे १९५७ साली केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आता चहूकडे वारल्यांचे पाडे होते. तरी मुलं येईनात. पुन्हा तोच प्रश्न, का येत नाहीत? अनुताईंनी पाड्यांवर जाऊन पाहिलं. मुलं रिकामी नव्हतीच. आठ वर्षांची मुलगी कडेवर भावंड घेऊन उभी, कारण आई मजुरीला गेलेली. नऊ वर्षांचा मुलगा गुरांमागे रानात, कारण त्याचं ते काम केल्याशिवाय घरी चूल नीट पेटत नव्हती. कुणाला दिवसा वेळच नाही, फक्त रात्री आहे.

म्हणून त्यांनी शाळेचे तुकडे करून मुलांच्या दिवसाला जोडले. भावंड सांभाळणारीसाठी पाळणाघर, त्याला लागून बालवाडी, त्याला लागून प्राथमिक शाळा. मुलीने यावं, धाकट्याला पाळण्यात ठेवावं, मधल्याला बालवाडीत बसवावं आणि आपण वर्गात जावं. या सगळ्या एकत्र व्यवस्थेला त्यांनी विकासवाडी म्हटलं. दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा.

कुरणशाळा ऐकून आम्हाला हसू आलं आणि मग गप्पच झालो. गुरं चरायला सोडली की झाडाखाली वर्ग भरायचा. शिक्षिका मुलांमागे रानात जायची. मोजायला गुरं होती. वाचायच्या आधी ओळखायला झाडं, पाखरं, पावलांचे ठसे होते. एखादं जनावर लांब गेलं की विद्यार्थी उठून वळवून आणायचा आणि परत बसायचा. कुणी म्हणायचं नाही की तुझं लक्ष नाही.

आमच्या गटातली एक सखू म्हणा, गंगू म्हणा, लहानपणी शेळ्या राखणारी. ती ऐकून म्हणाली, "माझ्या कुरणात कोण बाई आली असती तर मी आज हिशोबाला दुसऱ्याचं तोंड पाहिलं नसतं."

आता एक शंका आमच्याच बैठकीत निघाली, ती तुमच्याही मनात येईल. मुलाच्याच बोलीत, त्याच्याच रानात शिकवलं तर ते तिथेच अडकणार नाही का? आपल्या पोरांना पुढे जायचंय. प्रमाण मराठी हवी, इंग्रजी हवी, कॉम्प्युटर हवा. खरी गोष्ट आहे. पण कोसबाडला मुलाला कुरणातच ठेवलं नव्हतं. तिथून सुरुवात करून पुढे न्यायचं होतं. विहिरीत उतरायला पायऱ्या असतात, तशी ती पायरी होती. आमच्या नातीला 'आमटी' हा शब्द शिकवायलाच हवा. पण 'कोरड्यास' चूक आहे असं सांगून नव्हे. बाई म्हणाल्या असत्या, "आपण कोरड्यास म्हणतो, पुस्तकात आमटी लिहितात, कुणाकडे कालवण म्हणतात, आणखी काय काय म्हणतात सांगा," तर पोरीला एका शब्दाचे चार शब्द मिळाले असते आणि तिची जीभही शाबूत राहिली असती.

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बाहेरून आलेल्या शिकलेल्या बायांच्या नजरेत काही अढी असणारच. मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हे त्या कामाचा मोठा भाग होतं. त्यामागे माया होती, आरोग्याची काळजी होती. पण गरिबाच्या घरी पाणी लांबून आणावं लागतं, साबणाला पैसे नसतात, हे न बघता स्वच्छतेचे धडे दिले तर ती नुसती लाज देणं होतं. आणि जोवर बापाला पुरी मजुरी मिळत नव्हती, तोवर पोरगं गुरांमागे जाणारच होतं. एकट्या शाळेने ते सुटणारं नव्हतं, त्याला वारल्यांचा लढाच हवा होता. दोन्ही गोष्टी लागतात, असं आम्हाला वाटतं. पोटाची लढाई लागते आणि पोराच्या मनाचा मान राखणारी शाळाही लागते.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. १९७३ साली त्या गेल्या. अनुताई कोसबाडलाच राहिल्या, काम पुढे नेलं, आणि १९९२ साली गेल्या. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांनी स्वतः लिहिलेलं पुस्तक आहे. ग्रंथालयात मिळालं तर वाचून घ्या. वाचता येत नसेल त्यांनी लेकीकडून वाचून घ्या.

१९७५ साली २ ऑक्टोबरला भारत सरकारने एकात्मिक बाल विकास योजना सुरू केली. पहिल्यांदा देशात ३३ प्रकल्प होते. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज आपल्या गावोगावी आहे ती. बोर्डीच्या वस्तीत शाळा अंगणात नेली, त्याला तेव्हा तीस वर्षं होत आली होती. नाव देशभर गेलं. पण त्या नावातला विचार सगळीकडे गेला का? आपल्या अंगणवाडीताईंवर आज किती रजिस्टरं आहेत, किती सर्वेक्षणं आहेत, मोबाइलवर किती माहिती भरायची आहे, ते आपण बघतो. त्यातून खडे-शिंपले मांडून पोराशी बोलायला तिला वेळ कधी मिळणार? तिला दोष देण्याआधी हेही बघूया.

आणि शाळांमध्ये काय दिसतं? स्नेहसंमेलन आलं की मुलांना वारली नाच बसवतात, डोक्याला पट्टी बांधतात, भिंतीवर वारली चित्रं काढतात. छान दिसतं. पण वर्षभर वर्गात पोराने घरचा शब्द काढला की हसतात. आपली रीत एका दिवसापुरती मंचावर आणि बाकीचे दिवस दाराबाहेर, असं होऊ नये. ती गणिताच्या तासाला आली पाहिजे, भाषेच्या तासाला आली पाहिजे.

कायदा आपल्या बाजूने आहे, तोही ऐकून ठेवा. राज्यघटनेत १९५६ साली ३५० अ हे कलम घातलं गेलं. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी, असं ते सांगतं. २००९चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो की शक्य असेल तिथवर मुलाला त्याच्या मातृभाषेतून शिकवावं, आणि मूल भीतीमुक्त राहील, मोकळेपणाने बोलू शकेल असं शिकवावं. त्याच कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असायला हवेत आणि निम्म्या बाया. म्हणजे तिथे आपली खुर्ची आहे. आपण तिथे सही करून चहा पिऊन येतो, तेवढं पुरत नाही.

आम्ही काय केलं, ते सांगून थांबतो. आमच्यातल्या दोघी समितीत आहेत. त्या बाईंशी भांडायला गेल्या नाहीत. आधी आपल्या घरातलं चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली गोळा केली. आता दुकानात किलो आहे, पण ही मापं अजून कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर असतात. बाईंना म्हणाल्या, एक तास आम्हाला द्या. मग आमच्यातल्या म्हातारीने वर्गात ज्वारी मापून दाखवली. दोन चिपट्यांचं एक मापटं. दोन मापट्यांचा एक शेर. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. बाईंच्या ध्यानात आलं की हे तर अर्धा, पाव, अष्टमांश. पुस्तकात जे पोरांना जड जातं, ते ज्वारीच्या ढिगात त्यांनी हाताने करून पाहिलं. एका पोराने विचारलं, म्हणजे शेराचा पाव म्हणजे एक चिपटं? म्हातारी म्हणाली, व्हय रं लेकरा. बाई फळ्यावर लिहीत गेल्या.

आणि आमची नात? ती त्या तासाला बोलली. पायलीच्या तळाशी राहिलेली ज्वारी कशी झटकून काढायची, ते तिला येत होतं. तिने ते सगळ्यांना दाखवलं. पुढच्या महिन्यापासून बाईंनी वर्गाच्या भिंतीवर एक कागद लावलाय. एका बाजूला घरचा शब्द, एका बाजूला पुस्तकातला. पहिल्याच ओळीत कोरड्यास लिहिलंय.

बायांनो, तुमच्या वाडीतली अशी गप्प बसलेली एक पोर शोधा. ती घरी काय बोलते, काय खेळते, तिला कोणतं काम येतं, ते आधी ऐका. मग तेवढं घेऊन शाळेच्या पायरीवर जा. ताराबाई आणि अनुताई शाळा घेऊन अंगणात आल्या होत्या. आपल्याला आपलं अंगण घेऊन शाळेत जायचंय. पुढच्या वेळी तुमच्याकडची मापं, खेळ, गाणी आणि शब्द आम्हाला कळवा. बैठकीत वाचू आणि रेडिओवरही सांगू. येतो आम्ही.